दुपारची शिकवणी

भूत, आत्मा, इशारे... यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आमच्या बौद्ध घरात तशी पद्धतच नव्हती, आणि बाबा तर पक्के चिकित्सक. मी शाळेतून एखादी भुताची गोष्ट ऐकून आले की ते विचारायचे, "तुह्या डोयाने पाह्यलं काय तू? मंग?" विषय संपला! म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

घर उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, समोर कडुनिंब. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई, वत्सला, एकटीच राहायची. गेल्या हिवाळ्यात तिला पॅरालिसिसचा अटॅक आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "आ... आ..." मी पुण्याहून ये-जा करत होते. सुट्ट्या संपल्या. शेवटी मे महिन्यात मी आणि भावाने फोनवर ठरवलं - आईला वृद्धांच्या केंद्रात ठेवायचं. तिला सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नाही म्हणायला तिच्याजवळ शब्दच नव्हता.

तिला न्यायच्या आदल्या दुपारची गोष्ट. अडीच-तीन वाजले असतील. लाइन गेली, कूलर थांबला. भिजलेल्या वाळ्याचा वास तेवढा खोलीत राहिला. मी खाटेजवळ फरशीवर आडवी झाले. झोप म्हणावी तर झोपही नाही...

आणि बाबांचा आवाज आला.

"पुन्हा म्हण, वत्सला. घाई काहून करून राहिली?"

मला नवल वाटलं नाही. लहानपणी हे रोजचंच होतं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. बाबा सकाळची ड्यूटी करून आले की जेवून पहिलीचं पुस्तक उघडायचे. मी दोघांच्या मध्ये झोपेचं सोंग घेऊन पडलेली. ज्या दिवशी आईने विहारात स्वतः वाचून वंदना म्हटली, त्या दिवशी बाबांनी अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली होती.

"घ..." बाबा म्हणाले.

"घ..." आई म्हणाली.

"र."

"र."

मध्येच पान उलटल्याचा आवाज. इतकं शांत, इतकं गार वाटत होतं की डोळे उघडावेसेच वाटेनात. मी सात वर्षांची आहे, उठले की चहा-टोस्ट मिळेल... असंच काहीतरी.

कूलर धडधडत सुरू झाला तेव्हा जाग आली. आई उताणी पडलेली, डोळे उघडे. दुसरं कोणी नाही. स्वप्न! मी उठून तिची बॅग भरायला घेतली.

संध्याकाळी सुमनमावशी कैरीचं पन्हं घेऊन आल्या. बाबा गेल्यानंतर त्या शेजारी राहायला आलेल्या.

"बेबी, दुपारी कोण आलते वं? कोणी माणूस तुह्या मायले शिकवून राहिला होता."

"टीव्ही असेल, मावशी."

"लाइन कुठी होती तवा? गरमीनं मी दारातच बसली होती. 'घर, घर' म्हणून राहिली होती तुही माय."

मी त्यांना माझ्या स्वप्नाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

सकाळी केंद्राची गाडी आली. आईला उठवायला मी हात पुढे केला, तर तिने खाटेची कड घट्ट धरली. ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली. "घ..." आणि मग, अगदी स्पष्ट - "घर."

मी गाडी परत पाठवली. भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "फोन आईच्या कानाले लाव."

मी बदली मागून घेतली. आता नागपुरातच असते. डॉक्टर म्हणाले, वाचा अशी कधी कधी अचानक परत येते. मान्य. मला झोपेत जुनं आठवलं, तेही मान्य. पण मावशींनी काय ऐकलं? तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा.

आई आता मोडकंतोडकं बोलते. परवा धीर करून विचारलं, "आई, त्या दुपारी कोण आलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चांगल्या हाताने पदर ओढून तोंडावर घेतला... आणि पदराआड ती चक्क लाजत होती, नव्या नवरीसारखी.