पान एकोणसाठवरचं वाक्य

अमानवीय अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले आहे. इथे लंडनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, लायब्ररीत सव्वीस वर्षं काढली. "इथे कुणीतरी आहे हो" म्हणणारे बरेच भेटले, आणि दर वेळी तो हीटिंगचा पाइप निघाला. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तर मी रागावणार नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, तो पुढे येईलच.

मी सुधा, वय चौसष्ट, हॅरोला राहते. माझा थोरला भाऊ, दादा, जवळच वॉटफर्डला असतो. रिटायर्ड सॉलिसिटर, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे ज्याला विद्वान म्हणतात तो. रिटायर झाल्यावर दादाने एक जुना इंग्रज वकील शोधून काढला, दोनशे वर्षांपूर्वीचा. अमेरिका तेव्हा नवाकोरा देश होता, आणि हा गृहस्थ साउथहॅम्प्टनजवळ आपल्या घरी बसून तिथल्या बड्या बड्या पुढाऱ्यांना कायद्यावर लांबलचक पत्रं लिहायचा. तेही त्याला आदराने उत्तरं द्यायचे. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याने वह्यांमध्ये ठेवली होती. नाव देत नाही... दादाही वकीलच आहे.

अडचण एकच होती. दादाला ते अक्षर वाचता येत नव्हतं, मला येत होतं. आमचे बाबा साताऱ्याला लोकांचे मोडी कागद वाचून द्यायचे, त्यांच्या शेजारी बसून मी शिकले. दादा तेव्हा क्रिकेट खेळत होता. मोडीची सवय असली की कुठलंही गिचमिड अक्षर फार छळत नाही. हात कुठून कुठे गेला ते बघायचं, शब्द सापडतो.

"सुधे, पुस्तकावर दोघांची नावं," दादा पहिल्याच दिवशी म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. पण खरं सांगते, त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत घरी आले. तोपर्यंत माझं नाव फक्त लायब्ररीच्या बिल्ल्यावर छापलेलं होतं.

तीन वर्षं, दर रविवारी, सकाळी अकरा ते एक, दादाच्या डायनिंग टेबलावर आमचं काम चालायचं. लॅपटॉपवर वह्यांचे फोटो. मी मोठ्याने वाचायचे, साखरेच्या डब्याला टेकवलेला माझा फोन रेकॉर्ड करायचा, आणि दादा समोर बसून पेपर चाळायचा. मग मी ते रेकॉर्डिंग त्याला व्हॉट्सअ‍ॅप करायचे आणि आठवडाभरात तो ऐकून टाइप करायचा. कुठलं पत्र महत्त्वाचं, कुठला संदर्भ कशाशी जोडायचा, हेही मीच सांगायचे. तो मान डोलवायचा.

मागच्या वर्षी इस्टरच्या आधी आम्ही शेवटची तपासणी करायला, त्या वह्या जिथे जपून ठेवल्यात त्या अर्काइव्हमध्ये गेलो. अस्सल वही फोमच्या उशीवर ठेवलेली, पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. दादा आपला टाइप केलेला मजकूर हळू आवाजात वाचत होता, मी वहीशी ताडून बघत होते. पान एकोणसाठ. एका राष्ट्राध्यक्षाला लिहिलेलं पत्र. दादाने एक वाक्य वाचलं, त्याचा मराठीत अर्थ साधारण असा — "आपण ज्या विद्वत्तेची स्तुती करता ती माझी नाही, सारं दुसऱ्याने वाचून, निवडून माझ्यापुढे ठेवलं, मी सही केली, आणि ते नाव मी कुठेही येऊ दिलं नाही."

"थांब," मी म्हटलं. "हे इथे नाहीये."

"नाहीये म्हणजे? तूच वाचलंस ना!"

"मी हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकतेय, दादा."

पान मागे-पुढे केलं, समास बघितले, उजेडात तिरपं धरलं. काही नाही. दादाचा चेहरा वाकडा झाला. "कार पार्कमध्ये चल," म्हणाला.

गाडीत बसून मी फोनवर त्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज. पान एकोणसाठ, आणि ते वाक्य — अगदी स्पष्ट, माझ्याच आवाजात, माझ्याच साताऱ्याच्या इंग्लिशमध्ये. मी ओशाळले. म्हटलं, झालं, आता आपलं डोकं चळलं. पण तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये मागून वहिनींचा आवाज आला, "सुधाताई, चहा ठेवू का?"

आणि मी म्हणाले, "हो, ठेवा वहिनी."

वाक्य थांबलं नव्हतं. मी वहिनींना उत्तर देत होते, त्याच क्षणी माझाच आवाज पुढे वाचत होता... "ते नाव मी कुठेही येऊ दिलं नाही." माझे दोन आवाज, एकावर एक. भर दुपारी, ऊन पडलेलं, शेजारी कुणीतरी सँडविच खात होतं, आणि मी गाडीच्या काचा वर केल्या.

आम्ही ते तीनदा ऐकलं. टाइप करताना दादाला ते कसं कळलं नाही, कोण जाणे.

"डिलीट कर," दादा म्हणाला. त्याने आपल्या मजकुरातून ते वाक्य काढलं, ते बरोबरच होतं. वहीत नव्हतंच ते. मी फोनमधलं रेकॉर्डिंग मात्र काढलं नाही. मंडळातल्या एका आयटीवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही दोन ट्रॅक मिक्स केलेत." मला फोनवर फोटो आडवा करता येत नाही.

दोन महिन्यांनी दादाने मला मुखपृष्ठ बघायला ईमेलवर पाठवलं. मुखपृष्ठावर एकच नाव. ईमेलखालची जुन्या पत्रव्यवहाराची शेपटी कापायचं भान दादाला कधीच नसतं. तिथे त्याने एडिटरला लिहिलेलं होतं: बहिणीचं वय झालंय, ती कधीकधी पानावर नसलेलंही वाचते, तेव्हा पुस्तकाच्या विश्वासार्हतेसाठी तिचं नाव नको.

जो कोणी माझ्या आवाजात बोलला, त्याने माझ्या बाजूनेच साक्ष दिली असेल. पण तीच साक्ष दादाने माझ्याविरुद्ध वापरली. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. पुस्तक आलं. आभारांमध्ये मी आहे — "रविवारच्या सोबतीबद्दल".

परवा दादाचा फोन आला.

"सुधे, दुसऱ्या खंडाची पत्रं आलीत. रविवारी येतेस ना?"

"मला नसलेलं दिसतं ना, दादा?"

तो म्हणाला, "अगं, ते नुसतं लिहायला लिहिलं होतं."

मी फोन ठेवला.

रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि तुम्हीही मला विचारू नका. दादाला विचारा. त्या पत्रांचा तज्ज्ञ तो आहे, पुस्तकावर तसं छापलंय.