साहेबांची दाढ

कोट घालून बघताना गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावायला लागली, तेव्हा शिवणवाल्या मावशींनी प्लंबरला बोलावलं. तो गल्लीतलाच. त्याने बाथरूमची जाळी काढली, आत बॅटरी मारली, तार घालून ढवळलं, बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरसर निघून गेलं. मग तो सिंकखाली आडवा झाला. तिथेही काही सापडेना. शेवटी पुढच्या खोलीत येऊन गुडघ्यांवर बसला आणि विचार करू लागला, तेवढ्यात मशीनखाली पडलेल्या कुत्र्याने त्याच्या तोंडासमोर सावकाश जांभई दिली.

प्लंबर झटकन मागे सरकला. मग बॅटरी बंद करत म्हणाला, "मावशी, पाइप स्वच्छ आहेत. चोकअप इथे आहे."

मावशींना हे माहीत नव्हतं असं नाही. पण चोवीस तास त्याच वासात राहणाऱ्या माणसाचं नाक मेलेलं असतं. आणि त्या कुत्र्याबद्दल या घरात काही बोलायची सोय उरली नव्हती.

कुत्र्याचं नाव साहेब. मावशींचे यजमान सुतार होते, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. एका बांधकामावर हे पिल्लू त्यांना सापडलं. मिस्त्री रंधा मारत असले की ते मान वाकडी करून कामावर नजर ठेवायचं, आणि मग भुश्यावर ऐसपैस बसायचं. "साहेब पाहणीला आलेत," असं मिस्त्री म्हणायचे. तेच नाव पडलं. मावशींनी त्याला घरात घेऊ नका म्हणून दाताच्या कण्या केल्या होत्या. काळ्या पॅन्टवर पांढरे केस चिकटतात, हे त्यांचं म्हणणं. ते कोणी ऐकलं नाही.

मागच्या वर्षी मिस्त्री गेले आणि काही दिवसांतच साहेबांनी अन्न टाकलं. वाटीत तोंड घालायचा, एखादा घास उचलायचा, तो खाली पाडायचा आणि मशीनखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. बस्स, एवढंच निमित्त पुरलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागला. मुकं जनावर, पण किती जीव. माणसाला लाजवेल. माणसाला म्हणजे कोणाला, हे सांगायची गरज नव्हती. मावशी तर मिस्त्री गेल्यावर आठवड्याच्या आतच मशीनवर बसल्या होत्या. लोकांचे कपडे अडकले होते, आणि हातांना काही काम नसलं की त्यांना श्वास घेता यायचा नाही. पण हे कोणाला सांगणार?

यात पुढे होत्या त्यांच्या नणंदबाई. मिस्त्रींची थोरली बहीण, म्हणून सगळ्यांच्या ताई; दोन घरं सोडून राहायच्या. रोज संध्याकाळी यायच्या, खुर्ची ओढून साहेबाजवळ बसायच्या आणि बिस्किटं दुधात बुडवून त्याला भरवायच्या. "खा रे राजा. तुझं दुःख मला कळतं," असं त्याला म्हणायच्या आणि एक डोळा मशीनकडे ठेवायच्या.

प्लंबर येऊन गेला त्या संध्याकाळी मावशींनी विषय काढलाच. "ताई, याच्या तोंडाला फार वास येतो हो. गिऱ्हाइकं परत जायला लागलीत."

"उपाशी पोटाला वास येणारच," ताई म्हणाल्या. "मनाला लागलंय त्याच्या. तुला गिऱ्हाइकांचं पडलंय."

मावशींनी तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली.

मग उपायांचं सत्र सुरू झालं. गल्लीत औषध सांगणारे पुष्कळ. प्लंबरने पुदिना सुचवला. मावशींनी तो वाटून भातात कालवला. साहेबांनी भात चाटून घेतला आणि पुदिना जमिनीवर नीट वेगळा काढून ठेवला. कोट शिवायला टाकून गेलेली शाळेतली बाई म्हणाली, हाडूक चघळायला द्या, दात आपोआप साफ होतात. हाडूक बघताच साहेबांनी एकदा तोंड लावलं, केविलवाणं कण्हून ते सोडलं, आणि दिवसभर त्याच्यावर पाय ठेवून बसला. शेवटी एका सकाळी मावशींचा संयम सुटला. त्यांनी जुना ब्रश घेतला, त्यावर स्वतःची टूथपेस्ट पिळली, कुत्र्याला दोन गुडघ्यांत पकडलं आणि घासायला सुरुवात केली. पुढे जे झालं ते असं: साहेबांनी आधी पेस्ट गिळली, मग अर्धा ब्रश चावला, आणि तोंडाला फेस आलेल्या अवस्थेत दारातून बाहेर पळत सुटला. समोरची आजी "पिसाळलं, पिसाळलं" म्हणत जिन्यावर चढून बसली. तिला खाली उतरवण्यात मावशींचा सकाळचा वेळ गेला. वास होता तिथेच होता, त्याला आता फक्त थंडगार झाक आली होती.

दुपारी त्यांनी मशीनवर कापड टाकलं, दार लावलं आणि साहेबांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोकळी. टूथपेस्टचं ऐकून तिने आधी तेच निकालात काढलं. "माणसांची पेस्ट यांना द्यायची नाही. आपण थुंकतो, हे गिळतात. काही पेस्टमध्ये यांना विषारी असणारं गोड द्रव्यही असतं." मग तिने हलकेच साहेबांचा वरचा ओठ उचलला.

मावशींनी वाकून पाहिलं. दात दिसतच नव्हते. त्यांच्यावर जुन्या किटलीच्या तळासारखा तपकिरी थर चढला होता. हिरड्या लालभडक, आणि मागच्या मोठ्या दाढेच्या कडेने पू.

"इथे डोळ्याखाली हात लावा," डॉक्टरीण म्हणाली. "सूज लागतेय ना? दाढेचं मूळ सडलंय. हा घास खाली पाडतो का? एकाच बाजूने चावतो?"

"पाडतो," मावशी म्हणाल्या. "वर्ष होत आलं."

"मग तेव्हापासून दुखत असणार. कडक काही चावताना ती दाढ तडकली असेल."

मावशींनी सुजेवरचा हात काढून घेतला. "म्हणजे तो मालकाच्या दुःखाने उपाशी नव्हता?"

"दुःख झालं असेल. ते मी कसं सांगू? पण दाढ मात्र नक्की दुखतेय. रक्त तपासू, भूल देऊ, सगळं साफ करू आणि सडलेले दात काढू."

परत येताना मावशींना हसू येत होतं आणि रागही. अख्ख्या गल्लीने वर्षभर एका सडक्या दाढेला हळहळ वाहिली होती. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. आणि आपण? आपण पॅडल मारत बसलो आणि हा पायाशी दुखणं घेऊन पडून होता. कुत्र्याकडे बघितलं की त्याला कुरवाळावंसं वाटायचं, आणि वास आला की डोकं फिरायचं. दोन्ही एकदम व्हायला लागलं.

ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "डॉक्टरांना काय, कापाकापी हवीच असते. या वयात भूल? माझ्या भावाची एवढी एकच गोष्ट उरलीय, तीही घालवून बस."

"बिस्किटं बंद करा आता," मावशी एवढंच म्हणाल्या.

ठरल्या दिवशी त्यांनी कोणाला न विचारता साहेबांना दवाखान्यात सोडलं. बाकड्यावर बसून एका पॅन्टची शिलाई उसवायला घेतली आणि भलतीच शिवण उसवली. संध्याकाळी कुत्रा लटपटत बाहेर आला. चार दाढा गेल्या होत्या. राहिलेले दात असे पांढरे, की मावशींना तो परका वाटला.

मऊ भाताची वाटी पुढे ठेवली तर साहेबांनी ती फुटेल इतक्या जोरात चाटली. थोड्याच दिवसांत तो आपला भात संपवून मावशींच्या ताटाकडे बघायला लागला. मांजरामागे धावला. एका गिऱ्हाइकाचा मोजा पळवला. शेपूट हलवून त्याने आरशावर चिखलाचा अर्धा गोल काढला. गल्लीने कौतुक करायचं सोडून दिलं; खाऊन पिऊन मजेत असलेल्या कुत्र्याचं कोण कौतुक करणार?

ताई मात्र अजून रोज येत होत्या. एका संध्याकाळी साहेब त्यांच्यासमोर चेंडू टाकून उड्या मारत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "विसरला हा."

"ताई, त्याची दाढ दुखत होती."

"कळलं गं मला. मी काही वेडी नाही." त्यांनी चेंडू उचलला, पण फेकला नाही. "तो जेवत नव्हता तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखं आणखी कोणीतरी आहे. माझ्याही घशाखाली घास उतरत नाही अजून. तू तर मशीनवर जाऊन बसलीस."

मावशींनी पॅडलवरचा पाय काढला. किती तरी दिवसांनी त्यांनी नणंदेकडे नीट पाहिलं. मनगटावर बांगडी सैल झाली होती, गळ्याची हाडं वर आली होती. दोन घरांवरून रोज येणारी ही बाई वाळत चाललीय, हेही आपल्याला दिसलं नाही.

"मशीनवर बसले नसते तर मी वेडी झाले असते, ताई," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी टीप कुठे मारतेय तेच दिसत नव्हतं. एक बाही खिशाला जोडली मी."

ताईंनी नाक ओढलं. "मग?"

"मग उसवली. आजपासून रात्री इथेच जेवायचं. मी वाढेन, तुम्ही जेवायचं. त्यात चर्चा नको."

जेवण झाल्यावर मावशींनी डॉक्टरीणबाईंनी दिलेली कुत्र्यांची पेस्ट आणि बोटावर चढवायचा ब्रश काढला. हे रोज करायचं होतं, आणि रोज मावशींच्या नाकी नऊ यायचे. साहेब टेबलाखाली जायचा, मशीनमागे घुसायचा, हाती लागलाच तर दातखिळी बसल्यासारखं तोंड मिटायचा. त्या दिवशीही त्यांनी त्याला कॉलर धरून ओढत आणलं आणि त्या धापा टाकू लागल्या.

"आण इकडे," ताई म्हणाल्या. "तू मारामारी करतेस त्याच्याशी."

त्यांनी ब्रश बोटावर चढवला, साहेबाच्या कानामागे खाजवलं, आणि लगेच त्याने शहाण्या पोरासारखी मान वर केली. ताईंनी ओठ उचलून एक बाजू घासली, मग दुसरी. साहेब डोळे मिटून उभा.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "मला वर्षभर पायाशी सांभाळायला लावलं, आणि दात तुमच्याकडून घासून घेतो. लबाड कुठला."

"उद्याही मीच घासेन," ताई म्हणाल्या. "तू लवकर स्वयंपाक कर. आज भात जरा कच्चा राहिला होता."