मागच्या गल्लीतलं कोणी

संग्रहालयाच्या दारात तिकीट देता देता प्रत्येकाला "कुठून आलात?" असं विचारायचं आणि उत्तर कॉम्प्युटरवर चढवायचं, हे तिचं काम. सगळे तिला ताई म्हणत. लोकही मोकळेपणाने सांगत. कुणी तर गावाच्या नावासोबत सुनेचं गाऱ्हाणंही सांगून जाई.

वर्षअखेरीला नव्या अधिकारी बाईंनी ती सगळी माहिती नकाशावर मांडली. लांबलांबच्या शहरांवर ठिपक्यांची गर्दी, आणि संग्रहालयाच्या पाठीमागची गल्ली मात्र कोरी. बाईंना वाटलं, नोंदीतच काही चुकलं असेल. पण त्या गल्लीत ताई स्वतः राहत होती, आणि तिथलं कोणी आल्याचं तिलाही आठवेना.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने सासूबाईंकडे विषय काढला. सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला, बोलणं तोलूनमापून. आधी त्यांनी हसण्यावारी नेलं. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "गेले होते गं एकदा. तुझा नवरा कडेवर होता. दारावरचा माणूस म्हणाला, साफसफाईच्या बायका मागच्या दाराने. तशीच माघारी फिरले."

एवढ्या वर्षांत घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने ते बाईंच्या कानावर घातलं. येणाऱ्यांना विचारून भागायचं नाही, न येणाऱ्यांनाही विचारायला हवं, असं बाई म्हणाल्या. मग दोघी गल्लीत दारोदार फिरल्या. कुणाला तिकीट परवडत नव्हतं, कुणाला आत गेल्यावर हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं. त्या चौकशीतूनच रविवारची सकाळ गल्लीसाठी विनातिकीट मोकळी झाली.

पहिल्या रविवारी सासूबाई काही केल्या उठेनात. शेवटी पोट सुटलेला लेक म्हणाला, "चल गं आई, या खेपेला मी चालत येतो."

त्या हसल्या आणि निघाल्या.

दार बाईंनी स्वतः उघडून धरलं होतं. सासूबाई एकेक दालन सावकाश बघत गेल्या आणि नदीच्या एका मोठ्या चित्रासमोर बाकावर टेकल्या. ताई शेजारी बसली.

"हे रोज इथेच असतं?"

"रोज."

"मग घाई कसली," म्हणत सासूबाईंनी पाय वर घेतले आणि ऐसपैस मांडी घातली.