दाराच्या अस्तरातल्या रेघा

क्योतोच्या विद्यापीठात तोकुनागाबाईंची उमेद एका गणकयंत्रापाशी गेली. काचेच्या नळ्यांचं ते धूड गणित सोडवी आणि उत्तर पेनानं कागदावर काढी. गणित साधं, एका लयीत ढकललेल्या झोक्याचं. उत्तरात सुबक कडं यायला हवं. पण काही आकड्यांवर पेन बिथरे. सुरुवातीचा आकडा केसभर बदलला की रेघ थोड्याच वेळात भलतीकडे पळे, आणि आपल्याच जुन्या वाटेवर पुन्हा म्हणून येत नसे.

"अजून स्थिरावलं नाही. थांबा, तोकुनागा-सान," प्राध्यापक कितामुरा म्हणत.

बाई थांबत. सकाळची संध्याकाळ होई, रेघ काही थाऱ्यावर येत नसे. "तुमचाच हात हलला असेल," म्हणून सर कागद रद्दीत टाकत.

ती रद्दी बाई तारखा घालून घरी नेत. त्यांचे यजमान कांजी सरकती कागदी दारं बनवत, आतल्या अस्तराला त्यांना जाड कागद लागेच. जेवताना बाई पोटतिडकीनं सांगत, "अहो, माझा हात नव्हता हलला. ती रेघच तशी आहे!"

"बरं. लोणचं वाढ," कांजी म्हणत. असा माणूस!

शेवटचं दार त्यांनी याच रद्दीचं अस्तर घालून स्वतःच्याच घराला बसवलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. ते दार सरकवताना बाई दर वेळी क्षणभर थांबत. पलीकडे ते बसलेले असावेत, असं फार फार वाटे.

सोळा वर्षांनी त्याच विद्यापीठातला मोरिओका नावाचा तरुण संशोधक दारात आला. "बाई, त्या रेघा खऱ्या होत्या! आता जगभर त्यांचाच अभ्यास चाललाय. त्या आधी तुम्हाला दिसल्या हे दाखवायला तुमचे तारखा घातलेले कागद हवेत. कुठं आहेत?"

हेच ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. आणि कागद होते फक्त त्या दारात.

"दार उकलावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मी नवं करून देतो ना."

"नवं? ते करणार आहेत का?"

तीन दिवस बाईंनी त्याला ताटकळत ठेवलं. चौथ्या दिवशी त्याच्यादेखत स्वतःच ओला बोळा फिरवला आणि बांबूच्या पट्टीनं वरचा कागद सोडवला.

कारागीर अस्तराला रद्दी फाडून, तुकडे करून लावतात. कांजींनी हे कागद फाडले नव्हते. एकेक अख्खा, तारखांच्या क्रमानं, फक्त कडेकडेला खळ लावून चिकटवलेला. एकही रेघ कापलेली नव्हती.

बाईंनी पहिल्या तारखेवर बोट टेकवलं. "अहो, एकदा बोलायचं तरी!" म्हणत ढसाढसा रडल्या.

मोरिओकानं त्यांना सावरायला अवघडून हात पुढे केला.

"न्या सगळे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण आज नको. आज आमचे हे घरी आहेत."