चाळिसावं कुटुंब

जगात कोणाचंही काम कागदावाचून अडून राहिलं असेल, तर त्याचं कारण एवढंच की तो माणूस अजून माझ्या चुलतसासऱ्यांना भेटलेला नाही. कराडच्या मामलेदार कचेरीत त्यांनी तेहतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली शेवटची सहा अव्वल कारकून म्हणून. काकू गेल्यावर त्यांच्या डॉक्टर मुलीनं त्यांना आयर्लंडला आणलं. पोर्टलीशपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा पाऊस जास्त. तिथं काका बिनबाह्यांचा स्वेटर, मफलर घालून आणि खिशाला दोन पेनं लावून उतरले. निळं मजकुराला, काळं सहीला. तिसरं, हिरवं, नंतर आलं. आपल्याकडे सरकारी कागदावर हिरवी शाई वापरायची ती फक्त राजपत्रित अधिकाऱ्यानं, त्यामुळे उभ्या नोकरीत काकांनी तिला हात लावला नव्हता. इथं हरकत घेणारं कोणी नाही हे कळल्याबरोबर त्यांनी दुकान गाठलं आणि नवं पेन मला दाखवून म्हणाले, "जावईबापू, परदेशाचा हा फायदा कोणी सांगत नाही बघा."

गावात जुन्या शाळेच्या इमारतीत एक केंद्र चालायचं. बाहेरदेशांतून आलेल्या कुटुंबांसाठी ते काढलं होतं, पण दार सगळ्यांनाच उघडं असे. सकाळी लहान मुलांचा खेळगट, दुपारी शाळेतल्या मुलांचा गृहपाठ, बुधवारी म्हाताऱ्यांचा चहा. चालवणाऱ्या नोरीनबाई साठीच्या, धिप्पाड, आणि 'ग्रँड', म्हणजे 'छान, ठीक', हा एकच शब्द त्यांना लग्नापासून मयतापर्यंत पुरायचा. मुलगी दिवसभर हॉस्पिटलात, म्हणून काका एका बुधवारी नुसते चहाला गेले. तिथं एक नायजेरियन बाई मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज उलटसुलट करत बसली होती. काकांना ते बघवेना. "काइंडली परमिट मी, मॅडम," म्हणत त्यांनी अर्ज ओढून घेतला. 'इतर काही माहिती' या रकान्यात शहाणा माणूस काही लिहीत नाही. काकांनी दीड पान लिहिलं. मुलाचा स्वभाव, त्याला पाठ असलेले पाढे, धाकट्या बहिणीला सांभाळायची त्याची हातोटी, सगळं त्या बाईंना विचारून. जादा कागद जोडून वर कराडहून आणलेला, फायलीला बांधतात तो पांढरा टॅग बांधला. आठवड्याभरात शाळेचे हेडमास्तर स्वतः केंद्रात आले, कारण त्यांना हा मुलगा बघायचा होता. तेव्हापासून केंद्रातलं कोपऱ्यातलं टेबल काकांचं झालं आणि गावात कोणाला काही अडलं की लोक सांगू लागले, "गो टु युवर मॅन विथ द पेन्स." नाव न घेता एखाद्याबद्दल बोलायची ही तिथली रीत, पण काकांना ती पदोन्नती वाटली.

रकाना रिकामा सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी ताट वाढून मीठ न वाढणं. लिहायला काहीच नसेल तिथं 'नॉट ॲप्लिकेबल' लिहायचं, आणि ते खरोखरच लागू नाही याची समोरच्याकडून तोंडी खात्री करून घ्यायची. दहा मिनिटांच्या अर्जाला त्यामुळे दोन तास लागत. एकदा बायको वारलेला एक म्हातारा शेतकरी मोफत उपचारांच्या वैद्यकीय कार्डाचा अर्ज घेऊन आला. अर्जात आईचं माहेरचं आडनाव विचारलं होतं. काका आडनावावर थोडेच थांबणार! माहेर कुठलं, भावंडं किती, सणाला माहेरी जाणं व्हायचं का, सगळी चौकशी झाली. पावसापाण्यापलीकडे ज्याचा शब्द गावात कोणी ऐकला नव्हता, तो माणूस तासभर आईबद्दल बोलत राहिला. पुढच्या बुधवारी आणखी तीन म्हातारे कागद घेऊन हजर. त्यातल्या एकाचं कार्ड सहा वर्षांपूर्वीच मंजूर झालेलं होतं. मी ते काकांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "असू द्या. फेरतपासणी म्हणून घेऊ."

ते दिवस मी आठवतो ते मुद्दाम, कारण नंतरचे आठवावेसे वाटत नाहीत. मंदी आली. गावाबाहेर अर्धवट बांधलेल्या घरांच्या रांगा छपरांवाचून भिजत राहिल्या, पोलिश सुतारांची कामं गेली, नर्सांचे करार संपले, खुद्द गावातली आयरिश मुलं बॅगा भरू लागली. काकांच्या टेबलावरचे अर्ज बदलले. आधी लोक इथं राहण्याचे अर्ज आणायचे, आता इथून जाण्याचे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नाहीतर सरळ मायदेश. आणि डॉक्टरला असतो तसा काकांना हातगुण होता. त्यांनी भरलेला अर्ज कधी परत आला नाही. ज्याचा भरला तो गेलाच. अशातच वरच्या कचेरीतून पत्र आलं की येत्या जूनअखेर नोंदलेली कुटुंबं चाळीसच्या खाली गेली तर केंद्र बंद करण्यात येईल. पत्र आलं तेव्हा एक्कावन्न होती. नाताळापर्यंत चव्वेचाळीस उरली. गेलेल्या सातही घरांचे अर्ज काकांच्या अक्षरात होते.

नोरीनबाईंनी एकदा चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवून हळूच विचारलं, एखादा अर्ज थोडा वाईट नाही का भरता येणार? एखादी तारीख चुकवायची, एखादी सही राहू द्यायची. माणसं निदान सहा महिने तरी थांबतील. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी आमच्याकडे आल्यावर मला म्हणाले, "त्या बाई भल्या आहेत, म्हणून बोललो नाही. पण गरजवंताचा अर्ज बिघडवायचा? मग माझ्यात आणि आमच्या कचेरीतल्या चिरीमिरीसाठी अर्ज अडवणाऱ्या लोकांच्यात फरक काय राहिला?" त्यांनी आपल्या परीनं वेगळी लढाई मांडली. केंद्र वाचवण्यासाठी वरच्या कचेरीला सात विनंतीअर्ज केले, एकाहून एक सुंदर, म्हाताऱ्यांच्या सह्या आणि मुलांच्या चित्रांसह. सातव्याला उत्तर आलं: आपल्या पत्राची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. मी आनंदानं म्हटलं, "बघा, दखल घेतली!" काकांनी कागदाची घडी घालून तो फायलीत ठेवला. "जावईबापू, हे पत्र मी स्वतः हजारो लोकांना लिहिलंय," ते म्हणाले. "सगळं संपलं की हे लिहितात." त्या दिवशी पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले.

मार्चमध्ये आकडा चाळिसावर आला. ते चाळिसावं कुटुंब म्हणजे आम्ही. आमची मुलगी तिथं गृहपाठाला जायची, म्हणून आमची नोंद होती. आणि काकांना जे ठाऊक नव्हतं ते असं, की नोकरीच्या सहा-सहा महिन्यांच्या करारांना कंटाळून मी ऑस्ट्रेलियाचा अर्ज करून मोकळा झालो होतो. घरातच, गुपचूप, स्वतःच्या कोंबड्याच्या पायांच्या अक्षरात. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, दुसरं काय! तो अर्ज परत आला. गेल्या दहा वर्षांतले पत्ते मागितले होते. नाशिकचं वसतिगृह सोडल्यापासून डब्लिनला उतरेपर्यंत मध्ये चार महिने कोरे राहिले होते, आणि त्या चार महिन्यांत अर्जदार कुठं राहत होता असा प्रश्न होता. माझी बायको माझ्याहून प्रामाणिक. तिनं काकांना फोन करून सगळं सांगितलं.

रविवारी काका आले ते फाईल घेऊनच. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "काका, आम्ही गेलो तर केंद्र..." त्यांनी हात वर केला. "तो वेगळ्या अर्जाचा विषय आहे. आत्ता या अर्जापुरतं बोलू." मग चष्मा लावून त्यांनी कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "या चार महिन्यांत तुम्ही कुठं होता, आठवत नाही?"

मला खरंच आठवत नव्हतं.

"आमच्याकडे होता," काका म्हणाले. "लग्न नुकतंच झालेलं, नोकरी सोडलेली, व्हिसा यायचा होता. मागची खोली तुम्हाला दिली होती. आमची ही रोज तुमच्यासाठी वेगळी, कमी तिखटाची आमटी करायची."

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात. मी तर ते घरच विसरलो होतो. त्या आमटीची चव जिभेवर आली आणि पदर खोचलेल्या काकू दिसल्या. मला मान वर करवेना. काकांनी मात्र निळं पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत आपलं नाव, आळी, पेठ, कराड, जिल्हा सातारा असा पत्ता सावकाश लिहिला. पुरावा म्हणून स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं: सदर इसम माझ्या घरी, माझ्या कुटुंबातला म्हणून राहत होता. त्याखाली सही केली.

मे महिन्यात मंजुरी आली आणि जूनमध्ये आम्ही निघालो. जूनअखेर एकोणचाळीस कुटुंबं भरली आणि केंद्राला कुलूप लागलं. माझ्या सुखाच्या नोकरीसाठी मी त्या माणसाची बसायची जागा काढून घेतली, आणि ती घ्यायला त्यानंच मला मदत केली. यावर मी पुष्कळ सबबी शोधल्या आहेत, एकही टिकत नाही.

पर्थला आल्यावर दर रविवारी त्यांचा फोन येतो. मुलीची शाळा, माझी ड्यूटी, इथलं ऊन, सगळं विचारतात. स्वतःबद्दल विचारलं की म्हणतात, बरं आहे, घरीच असतो, मुलगी सातला येते. परवा फोन ठेवता ठेवता, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या तिकडं म्हाताऱ्या माणसांना दुपारचं बसायला काही जागा आहे का हो?"

"बघून सांगतो, काका," मी म्हटलं.