पसरलेल्या हातांचं माप

हे नवऱ्याजवळ बोलले नाही, बहिणीजवळही नाही. आज तुमच्याजवळ का बोलतेय? माहीत नाही — गप्प राहण्याचाही शेवटी थकवा येतो.

ऐंशी सालाच्या आसपास नागपूरच्या एका इस्पितळात मी फुप्फुसांची तपासणी करायचे. पेशंटनं नळीत फुंकायचं, यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढायचं, छातीत किती दम आहे ते कळायचं. पाठीचा कणा वाकडा असलेली पोरं ऑपरेशनआधी माझ्याकडे यायची. त्यांची उंची धरायची नाही — वाकल्यामुळे ती कमी भरते, आणि कमी उंचीला थोडका दमही पुरेसा वाटतो. म्हणून हात पसरायला लावून बोटांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं. नव्या मुलींना हे शिकवायचं कोण? मीच.

शारदा पंधरा वर्षांची, हुडकेश्वरची. तेव्हा ते खेडंच होतं. हात पसर म्हटलं तर पसरेना. पाठीचा उंचवटा दिसेल म्हणून लाजत होती. समजूत काढायला असा किती वेळ लागला असता? पण दिवसभर ‘फुंक, अजून फुंक’ ओरडून मी पार गळून गेले होते, प्रतापनगरची बस चुकत होती. तिला भिंतीशी उभी केली, उंची घेतली आणि त्या हिशोबानं दम चांगला आहे असं लिहून दिलं.

"बाई, मंग माही पाठ सरळ होईन ना?" तिनं विचारलं. मी पर्स शोधत हो म्हटलं.

ऑपरेशननंतर तिला श्वास पुरेना. शारदा गेली.

डॉक्टरांनी विचारलं, तपासणी नीट झाली होती ना? मी मान हलवली. इथवर भित्रेपणा म्हणा हवं तर. पण पुढचं — त्याला काय म्हणाल?

तिचे वडील माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, उपाशी ठेवा म्हनलं होतं. पन पोरगी पानी मागून राहिली होती, मी घोटभर पाजलं. त्याच्यानं तं नाही ना झालं?"

त्या घोटानं झालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण मग कशानं झालं, असं त्यांनी विचारलं असतं तर?

"पाजायला नको होतं," मी म्हणाले.

त्यांनी मला हात जोडले आणि जिना उतरून गेले. मी हाक मारली नाही. हुडकेश्वर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. मी कधीच गेले नाही.