बाहीवालीचा ऑक्टोपस

गणवेशांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं फक्त बाह्या जोडत होती, म्हणून सगळे तिला बाहीवालीच म्हणत. बाही जोडली, कफ बसवला, की सदरा पुढच्या टेबलावर. कॉलर कशी बसते ते मला कुणी विचारू नये, असं ती स्वतःच हसून सांगायची.

तिची लेक ठकी पाच वर्षांची होणार होती. मैत्रिणीकडे पऱ्यांची थीम झाली होती, तेव्हा आपल्याकडे समुद्र आणि मी ऑक्टोपस, असं ठकीनं जाहीर करून टाकलं. नवरा म्हणाला, पोशाख भाड्यानं आणू. पण बाहीवालीला चेव चढला. ज्या प्राण्याला बाह्यांखेरीज दुसरं काही नाही, तो आपण नाही शिवायचा तर कुणी?

नवऱ्यानं घरभर निळे कागदी मासे टांगले. ती मशीनवरून उठेना. बाह्या मात्र अशा झाल्या की साहेबांनी पाठ थोपटावी. आत चिंध्या ठासलेल्या, शिलाई दुहेरी आणि हाताच्या सवयीनं प्रत्येकीला कफ, कफाला दोन गुंड्या. हा ऑक्टोपस ऑफिसला निघालाय का, असं नवऱ्यानं विचारलं. तिनं पुढच्या गुंडीसाठी सुईत दोरा ओवला.

पाहुणे यायला अर्धा तास उरला, तेव्हा पोशाख अंगावर चढला. ठकी आरशासमोर उभी राहून ओठ हलवत मोजू लागली.

"आई, दहा झाले."

चिंध्यांचे आठ आणि ठकीचे स्वतःचे दोन. त्या दोन हातांसाठी भोकं बाहीवालीनंच ठेवली होती, फक्त ते हात मोजायचे राहिले होते. अकरा वर्षं बाह्या जोडतोय, पण त्यांत माणसांचे हात जातात याचा आपल्याला पत्ताच नाही, असं तिच्या मनात आलं. उसवायला वेळ नव्हता. शिलाई दुहेरी, तीही तिचीच.

"मग माझे आत ठेव ना," ठकी म्हणाली.

हात आत गेले, भोकं टाचली गेली. ऑक्टोपस भलताच भाव खाऊन गेला. पोरांनी एकेक बाही धरून त्याला घरभर मिरवलं. पण केक भरवायचा कुणी, पाणी पाजायचं कुणी? कारखान्यातल्या मैत्रिणींच्या गप्पा रंगल्या आणि बाहीवाली मात्र वाटी-चमचा घेऊन लेकीच्या मागे पळत राहिली.

"बाह्या झकास जमल्यात हं," एक मैत्रीण म्हणाली.

"आठ आहेत आणि एकही कामाची नाही," बाहीवाली म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ठकीची हाक आली. नाक खाजत होतं.